विसर्जनाचे पाहुणे

लोक स्टँप जमवतात, जुनी नाणी जमवतात. माझ्याकडे लाज आणणारे प्रसंग जमले. मुद्दाम कोण जमवतंय हो! पण विमान कंपनीच्या बुकिंग ऑफिसात काउंटरमागे आपण बसलेलो असलो, गावात आपली म्हणवणारी थोडी मराठी घरं असली आणि गणपती जवळ आले, की ते आपोआप जमत जातात. एक सांगायला काढावा तर त्याचा पदर धरून दुसरा येतो.

गोष्ट बंगलोरची, डाकोटा विमानं उडत होती त्या दिवसांतली. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी बिचारी चांगली होती, लाज आणली ती आमच्याच माणसांनी. मी टायपिंग शिकले होते, इंग्रजी बरं होतं, कानडी मल्लेश्वरमच्या गल्लीत खेळून आलेलं. तेवढ्यावर कँटोनमेंटमधल्या ऑफिसात नोकरी लागली. त्या दिवशी अप्पांनी पेढे वाटले आणि आईला हळूच म्हणाले, "आता गणपतीला वेळेवर पोचू."

अप्पा म्हणजे माझे वडील. एका कारखान्यात हिशेबनीस होते. आमचं मूळ घर साताऱ्याला. चार भाऊ, घरचा गणपती दीड दिवसाचा आणि पूजा दरवर्षी एकेका भावाकडे. कारखाना रजा द्यायचा ती अगदी मोजून. ती हातात पडली की अप्पा आम्हाला घेऊन निघायचे, गाड्या बदलत बदलत साताऱ्याला पोचायचे, आणि तोवर गणपती पाटावरून हलवायची तयारी चाललेली असायची. थोरले काका ओट्यावरून ओरडायचे, "या! विसर्जनाचे पाहुणे आले!"

सगळं घर हसायचं. अप्पाही हसायचे. मी मागे वळकटी घेऊन उभी असायची, आणि मला मान वर करून त्यांच्याकडे बघवायचं नाही. अप्पांच्या पूजेचं वर्ष आलं की थोरले काकाच ती उरकून टाकायचे. घरच्या गणपतीवर अप्पांनी स्वतःच्या हाताने कधी दूर्वा वाहिल्याच नव्हत्या.

कंपनीत वर्ष भरलं की नोकराला आणि त्याच्या आईवडिलांना एकदा विमानाचा फुकट पास मिळायचा. हा नियम माझ्याआधी अप्पांना पाठ झाला. शिवाय पुढच्या गणपतीची पूजा त्यांच्याकडेच होती. तर ते वर्ष भरेपर्यंत काउंटरवर काय काय झालं, ते ऐका.

* * *

आमच्या मराठी मंडळाचे पुढारी काळेकाका. अप्पांच्याच कारखान्यात फोरमन, आणि राहायलाही आमच्याच गल्लीत. गाडीने गेलं की रजा गाडीतच संपते हे त्यांनी सगळ्यांना पटवलं होतं. आता विमान स्वस्तात कसं पाडायचं एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्यासाठी मी होतेच.

"शालू, तिकिटात जेवण धरलंय?"

"हो काका. सँडविच, केक, कॉफी."

"केकात अंडं असतं. आम्ही दशम्या आणू. जेवण वजा करून सांग."

मी म्हटलं, काका, असं वजा होत नाही. मागे रांगेत एक गोरे साहेब आणि दोन मडमा उभ्या होत्या. काका अजिबात हलले नाहीत. "बरं, पेपर देतात तो वजा कर, मी घरी वाचून येईन. कानात घालायला कापूस देतात, तो वजा कर. आमच्याकडे वातींचा कापूस आहे. आणि ती विमानातली मुलगी. आम्ही तिला एकदाही हाक मारणार नाही. मग तिच्या पगारातला आमचा वाटा?"

मला काउंटरखाली जाऊन बसावंसं वाटलं. शेवटी काकांनी पूर्ण पैसे भरले आणि गेले. परत आल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर, सगळ्यांसमोर, हा एवढा कापसाचा पुडा ठेवला.

"घे! अख्ख्या विमानातला गोळा केला. तुझ्या आईला दे, वातींना होईल." माझा चेहरा बघून त्यांनी मोठ्याने खुलासा केला, "कानात घातलेला नाहीये गं, मी प्रत्येकाला विचारून घेतलाय!"

* * *

तेव्हा सामानाबरोबर माणसांचंही वजन करायचे. लहान विमान, भार नीट बसायला हवा, म्हणून. ऑफिसात दाराजवळच मोठा काटा होता आणि त्यावर मुनियप्पा नावाचा शिपाई. माणूस काट्यावर चढला की मुनियप्पा वजन खणखणीत आवाजात सांगायचा, कारण आतल्या खोलीतल्या कारकुनाला ते लिहून घ्यायचं असायचं.

काळेकाकांच्या आईंनी यावरून स्वतःचा हिशेब मांडला. पोस्टात पार्सल वजनावर जातं, तर विमानातही तसंच असणार! आजींनी आठ दिवस आधीपासून उपास धरला. दुपारी थोडा साबुदाणा, रात्री दूध. निघायच्या दिवशी दोघांनी धरून त्यांना आणलं, काट्यावर चढवलं. मुनियप्पाने वजन पुकारलं.

"मागच्या खेपेपेक्षा कमी भरले ना?" आजींनी मला विचारलं.

"हो आजी."

"मग फरक दे."

मी सांगितलं की तिकीट वजनावर नसतं, सगळ्यांना सारखंच असतं. आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे त्या पलीकडच्या धिप्पाड माणसाचं आणि माझं तिकीट एकच?" तो धिप्पाड माणूस कुठल्याशा बँकेचा मॅनेजर होता आणि त्याला मराठी येत नसलं तरी आजींचं बोट कळत होतं.

"मग मी आठ दिवस पोट मारलं ते कुणाच्या बापासाठी?" असं म्हणून आजी काट्यावरच मांडी घालून बसल्या. पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, चटणी काढली, आणि तिथेच जेवायला लागल्या. उठवायची कुणाची छाती नव्हती. अख्खं ऑफिस बघत होतं. आजी शेवटी लोटाभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी तोंड पुसलं.

मुनियप्पा प्रामाणिक माणूस. त्याने काट्याकडे बघितलं आणि नवीन वजन पुकारलं.

* * *

जागा फोनवर राखता यायची, पैसे मागाहून भरले तरी चालायचे. ही सोय ज्याने केली त्याला काळेकाका माहीत नव्हते. निघायचा दिवस पंचांग बघून ठरणार, पंचांग बघायला गुरुजी येणार, गुरुजींना सवड नाही. तोवर जागा जायला नकोत म्हणून काका चतुर्थीच्या आधीच्या प्रत्येक विमानात जागा राखून ठेवायचे. एकाच नावाने राखल्या तर संशय येईल, म्हणून वेगवेगळ्या नावांनी.

एके सकाळी आमचे मॅनेजर मिस्टर पिंटो चार्ट घेऊन बाहेर आले. मंगळूरकडचे गृहस्थ, बोकडदाढी, कधी आवाज चढवायचे नाहीत. बाकावर तीन मराठी कुटुंबं तिकिटांसाठी बसली होती. पिंटोसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि पुकारलं, "मिस्टर एल. वक्रतुंडे!"

कुणी उठलं नाही.

"मिस्टर जी. गौरीनंदन! मिस्टर एम. मूषकवाहने!"

बाकावरच्या एका आजोबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांचं बघून त्यांच्या सुनेने जोडले. मग सगळा बाक नमस्कार करून बसला. मी टाइपरायटरच्या आड तोंड घातलं.

पिंटोसाहेब माझ्याकडे वळले. इंग्रजीत म्हणाले, "मिस शालिनी, हे वक्रतुंडे कोण? गेल्या वर्षीही यांनी जागा राखली होती आणि आले नाहीत."

काळेकाका नेमके दारातच उभे होते. त्यांना राहवलं नाही.

"येतात हो साहेब! दरवर्षी न चुकता येतात. फक्त विमानाने येत नाहीत!"

* * *

तुम्ही म्हणाल काळेकाका एकटेच तसे. नाही! बंगलोरात तीनशे वर्षांपासून राहिलेली मराठी घराणी होती. त्यांतले एक तुकोजी अण्णा. यशवंतपूरला गुळाची मोठी वखार, कानात भिकबाळी, डोक्याला रुमाल. त्यांना घरातली सगळी माणसं घेऊन जेजुरीला कुलदैवताला जायचं होतं, म्हणजे पुण्यापर्यंत विमान.

"अक्का, स्वल्प बघून भाव लाव की. एक-दोन मान्सं नाहीत, घर उठून चाललंय."

मी म्हटलं, अण्णा, इथे भाव लावत नाहीत, छापलेला दर असतो. अण्णा हसले. असले छापलेले दर त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिले होते. "तू ऱ्हाऊ दे. सावकाराला बोलव."

पिंटोसाहेब आले. एवढं मोठं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी हात पुढे केला. अण्णांनी झटकन खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं, आणि उपरण्याखाली साहेबांचा हात धरला. गुळाच्या बाजारात भाव असाच ठरतो. तोंडाने बोलायचं नाही, रुमालाखाली बोटं दाबायची. पिंटोसाहेबांना वाटलं, ही यांच्यातली हस्तांदोलनाची पद्धत असावी. सज्जन माणूस! त्यांनी पाहुण्याचा हात चांगला प्रेमाने तीनदा दाबला.

अण्णांचा चेहरा उजळला. "सरी! झाला सौदा!"

मग मी खरा आकडा सांगितला. अण्णा म्हणाले, हे कसं? साहेबांनी हातावर भाव दिलाय. साहेब मला विचारू लागले, मी काय दिलं? ते मला इंग्रजीत समजावून सांगावं लागलं, आणि सांगताना माझे कान तापले. अण्णांनी शांतपणे उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं आणि पूर्ण पैसे भरले.

"जाऊ दे अक्का," जाता जाता ते म्हणाले. "तुजा सायेब मानूस चांगला. पन त्याला बाजारात धाडू नको. एका सकाळीत इमान इकून येईल!"

* * *

आता प्रस्थानाचं. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी एका फडक्यात तांदूळ, सुपारी आणि अंगावरचा एखादा कपडा बांधून तो वाटेवरच्या कुणाच्या घरी नेऊन ठेवायचा. म्हणजे आपण मुहूर्तावर निघालो असं होतं, मग प्रत्यक्ष कधीही जा. जुनी पद्धत, आमच्याकडेही होती.

त्या वर्षी काळेकाकांना जागा मिळाली ती नेमकी अमावास्येची. काका गाठोडं घेऊन ऑफिसात हजर! आमचं ऑफिस त्यांच्या घरापासून एरोड्रोमच्या वाटेवर, आणि मी घरच्यासारखी. "टेबलाखाली ठेव, जाताना उचलतो." मी नाही म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी मंडळातले आणखी दोघे आले. तिसऱ्या दिवशी माझे पाय ठेवायला जागा नव्हती. लाल, पिवळी फडकी आणि एकातून बाहेर आलेला धोतराचा सोगा. पिंटोसाहेब येता-जाता बघायचे आणि काही विचारायचे नाहीत. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

अमावास्येच्या सकाळी येऊन बघते तर टेबलाखाली सगळं साफ! गोदामातल्या माणसाने ती कुणाची राहिलेली बोचकी समजून नेली होती. काकांनी आपल्या गाठोड्यावर खडूने 'पुणे' लिहिलं होतं, म्हणून त्याने सगळीच आदल्या संध्याकाळच्या विमानाने पुण्याला रवाना केली.

काका सहकुटुंब आले.

"काका, तुमचं प्रस्थान... पुण्याला गेलं."

"कसं गेलं?"

"विमानाने."

मी डोळे मिटून घेतले. "त्याचं भाडं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही लागलं."

काका वळले आणि दारातल्या सगळ्या कुटुंबाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! मुहूर्ताने निघालेलं फुकट पोचलं. आणि आपण अमावास्येला पैसे भरून चाललोय!"

* * *

माझं वर्ष भरलं आणि दुसरे गणपती आले. अप्पांनी पासासाठी स्वतः साहेबांना भेटायचं ठरवलं. काळी टोपी, लग्नातला कोट. साताऱ्याला पत्र आधीच गेलं होतं, की यंदा पूजेला मी बसणार आणि विमानाने येणार.

अप्पा पिंटोसाहेबांसमोर उभे राहिले आणि माझ्याशी मराठीत बोलले. "साहेबाला म्हणावं, जागा पक्की द्या. भावांना कळवून बसलोय गं. या खेपेलाही नाही पोचलो तर मी पुन्हा त्या घरात तोंड दाखवू शकणार नाही. पण हे त्याला सांगू नको हं. तू नुसतं प्लीज म्हण."

"प्लीज, सर," मी म्हटलं.

साहेबांनी पासावर सही केली. बराच वेळ खाली बघत होते. मग अप्पांना म्हणाले, "सीट खाली आसल्यार मेळतली, अप्पा. पक्की दिवंक म्हाका जायना."

कोकणी! जागा रिकामी राहिली तर मिळेल, पक्की देणं माझ्या हातात नाही, असं ते सांगत होते. मंगळूरकडचा माणूस, घरात कोकणी बोलणार, आमचं मराठी त्याला अक्षर न् अक्षर कळणार, हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्षभर त्यांच्या तोंडावर काळेकाका मला विचारत होते, "हा बोकड कितीत पटेल?" आणि मी वर्षभर ते इंग्रजीत 'काका तुम्हाला नमस्कार सांगताहेत' असं करून सांगत होते.

बसस्टॉपवर गेल्यावर अप्पा म्हणाले, "मी जे बोललो तेही त्याला कळलं असणार, नाही का?"

मी मान हलवली. अप्पांनी टोपी काढून हातात घेतली आणि बस येईपर्यंत ती झटकत राहिले.

* * *

आणि आता हा शेवटचा. हा मी भिशीत सांगत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसपाशी सगळं मंडळ आम्हाला निरोप द्यायला आलं. काळेकाकांना यंदा रजा मिळाली नव्हती. त्यांनी अप्पांना हार घातला, हातात नारळ दिला, आणि भाषण केलं की आज आपल्यातला एक माणूस फुकट विमानाने चालला आहे, हा सगळ्या मंडळाचा मान आहे. अप्पा नवरदेवासारखे लाजले.

विमानात अप्पा खिडकीशी बसले. मी त्यांचा पट्टा बांधून दिला. शेजारी आई नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात एरोड्रोमवरचा आमचा माणूस शिडी चढून आत आला आणि माझ्या कानाशी वाकला. म्हैसूरहून मोटारीने येणारे तीन प्रवासी उशिरा पोचले होते. त्यांची तिकिटं पैसे भरलेली होती. विमान भरलेलं होतं. पासावरच्या माणसांनी उतरायचं, हा नियम मी स्वतः कितीतरी नोकरांना समजावला होता. निरोप आणणारा माणूस माझ्या डोळ्यांत बघत नव्हता.

"अप्पा, उतरायचं," मी म्हटलं.

अप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "इतक्यात पोचलो?"

मला रडू आलं. विमान जागचं हललंसुद्धा नव्हतं. मी त्यांचा पट्टा सोडायला लागले तेव्हा त्यांना कळलं. सगळं विमान वळून बघत होतं आणि त्यांच्या गळ्यात अजून हार होता. शिडीपाशी ते तिघे वर यायला थांबले होते, नवरा, बायको आणि म्हातारी आई. अप्पा बाजूला झाले आणि म्हणाले, "या, या."

गाडीने गेलो असतो तर पोचेपर्यंत विसर्जन होऊन गेलं असतं. अप्पांनी एरोड्रोमवरूनच साताऱ्याला तार केली. पूजेला थोरले काका बसणार हे सांगायची गरज नव्हती. मग अंधार पडू लागेपर्यंत आम्ही तिथेच एका बाकावर बसून राहिलो. अप्पा म्हणाले, "काळेला कळता कामा नये. कुणालाच नाही. परतायच्या दिवसापर्यंत घरातून बाहेर पडायचं नाही. त्या दिवशी सामान घेऊन पुढच्या दाराने यायचं."

आणि आम्ही मागच्या बोळातून, चोरासारखे, स्वतःच्या घरात शिरलो.

खिडक्या बंद. दिवा नाही. स्टोव्हचा आवाज होतो म्हणून आईने तो पेटवला नाही, प्रवासाच्या दशम्याच खाल्ल्या. चतुर्थीला उजाडायच्या आत अप्पा मागच्या अंगणात गेले, तुळशीच्या कुंडीतली माती उकरून आणली आणि देवघरापुढे बसून गणपती केला. त्यांचा हात चांगला होता. सोंड जरा जाड झाली, पण गणपती प्रसन्न होता. "यंदाची पूजा माझ्याकडे आहे," ते म्हणाले, आणि मनातल्या मनात मंत्र म्हणून त्यांनी पूजा केली. दूर्वा, फुलं नव्हती. हारातली फुलं काढून वाहिली. नैवेद्याला नारळ फोडायचा तर आवाज होईल, म्हणून तो गोधडीत गुंडाळून, वर उशी ठेवून, मी धरला आणि अप्पांनी वरवंट्याने फोडला. एरवी आम्ही हसून लोळलो असतो.

सकाळी काळेकाका रस्त्यावरून चालले होते. खिडकीच्या अगदी जवळून त्यांचा आवाज आला. "आत्ता आमचे अप्पासाहेब साताऱ्याला पूजेला बसले असतील! विमानाने गेलेत!" अप्पा खिडकीच्या आतल्या अंगाला भिंतीला टेकून बसले होते. ते हळूच आणखी खाली सरकले.

संध्याकाळ झाली. शेजारच्या रुक्मिणक्का अंगणाची आगळ काढून आत आल्या. त्या कानडी, एकट्या राहायच्या, भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. आपण नसू तेव्हा तुळशीपाशी दिवा लावा असं आईनेच त्यांना सांगून ठेवलं होतं, आणि ते आम्ही साफ विसरलो होतो. आम्ही तिघांनी श्वास धरला. आई फटीतून बघत होती. अक्का दिवा घेऊन कुंडीपुढे उभ्या राहिल्या. कुंडीतली अर्धी माती गेलेली होती आणि रोप एका बाजूला कललं होतं. अक्कांनी ते हाताने सरळ केलं. मग मागच्या दाराकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. दिवा ठेवला, कुणाला तरी ठीक आहे म्हणावं तसं "सरी, सरी" म्हणाल्या, आणि आगळ लावून गेल्या.

"गेल्या," आई म्हणाली.

अप्पांनी निरांजन लावलं. आम्ही उभे राहिलो. टाळ्या नाहीत, झांज नाही, घंटा नाही. अप्पांनी ओठांतल्या ओठांत आरती सुरू केली. आई आणि मी त्यांच्यामागे कुजबुजत होतो. अप्पांचा हात आरतीच्या ठेक्यावर मांडीवर पडत होता, आवाज न करता.

तेव्हा भिंतीपलीकडे रुक्मिणक्कांच्या देवघरात घंटा वाजायला लागली. आधी हळू. मग बरोबर आमच्या ठेक्यात.

आईने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या कडव्याला अप्पा अर्ध्या ओळीत थांबले.

घंटाही थांबली.